कॅलिपर बदललं की खोलून दुरुस्त केलं? खान्देशकरांचे अनुभव

डिस्क ब्रेकचं नवं कॅलिपर, म्हणजे आतल्या पिस्टनने चकतीवर पॅड दाबणारा भाग, घ्यायचं म्हटलं की खर्च हजारांत जातो, आणि पिस्टनच्या रबरांचं किट काहीशे रुपयांत येतं. एवढी तफावत दिसल्यावर आपल्याकडचा माणूस पाना हातात घेणारच. जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या मंडळींनी इथे लिहावं: काय बिघडलं होतं, काय वाचलं, आणि कुठे पैसे वाचवायला जाऊ नये. "शोरूमला न्या" हा सल्ला कृपया नको.

धागा माझा, म्हणून सुरुवात मीच करतो. मी एरंडोलचा. गाडी जुनी, दीडशे सीसी, पुढे फ्लोटिंग कॅलिपर. म्हणजे पिस्टन एकाच बाजूला आणि अख्खं कॅलिपर दोन पिनांवर सरकणारं. गाडी ढकलायला जड जायची. पॅड काढून पाहिले तर पिस्टनकडचं पार पातळ आणि पलीकडचं जवळजवळ कोरं. असं एकतर्फी झिजलेलं दिसलं की किट आणायला धावू नका, आधी पिना बघा. पिनांवरचे रबरी बूट फाटले होते, आत काळ्या मातीची धूळ जाऊन ग्रीसचा डांबरासारखा लगदा झालेला. पिना पुसल्या, बूट नवे घातले, सिलिकॉन ग्रीस लावलं. कॅलिपर बोटाने सरकू लागलं. चेसिसचं पिवळं ग्रीस तिथे नको, त्याने रबर फुगतं. पिस्टनला हातही लावावा लागला नाही.

केळीवाला, रावेर

तुमचं पिनांवर भागलं. आमच्याकडे खताच्या गोण्या गाडीवरूनच मळ्यात जातात आणि संध्याकाळी गाडी पाइपाने धुतात. खारवट ओल आणि अ‍ॅल्युमिनियम यांचं जमत नाही. आमचा पिस्टनच अडकला होता.

कॅलिपर गाडीवरून उतरवायच्या आधी पिस्टन बाहेर काढून घ्यायचा. नळी जोडलेली असतानाच पॅड काढा आणि लिव्हर दाबत राहा. ब्रेकचा दाब असा मोठा असतो की अडकलेला पिस्टनही येतो. आधीच नळी सोडून बसलात तर मग पंक्चरवाल्याच्या कंप्रेसरकडे जावं लागतं. तिथे पिस्टनसमोर लाकडाचा ठोकळा आणि जाड चिंधी हवीच, बोटं अजिबात मध्ये नकोत. पिस्टन गोळीसारखा सुटतो.

आता खरं काम. पिस्टनभोवती दोन रबरं असतात. बाहेरचं धुळीसाठी, आतलं चौकोनी कापाचं सील. लिव्हर दाबली की पिस्टन पुढे जातो आणि ते सील त्याच्याबरोबर किंचित पीळ खातं. लिव्हर सोडली की पीळ सुटतो आणि पिस्टन केसभर मागे येतो. आत कुठे स्प्रिंग नसते, सगळी मागे येण्याची ताकद त्या रबराची. आमच्या गाडीत सील बसतं त्या खाचेत पांढरी कडक भुकटी साचली होती. तिने सील आतून ढकललं, पिस्टन आवळला गेला आणि मागे येणं बंद. लोक नवं किट त्याच घाण खाचेत बसवतात आणि महिन्याभरात "किट डुप्लिकेट निघालं" म्हणून दुकानदाराशी भांडतात.

खाच साफ करायला मी बांबूची टोकदार काडी आणि पितळी ब्रश वापरला. स्क्रू-ड्रायव्हर नाही, कारण खाचेला ओरखडा पडला की तिथूनच तेल झिरपतं. कोपऱ्यातली भुकटी निघायला वेळ लागतो. निम्मी दुपार त्यातच गेली. शेवटी नवं सील ताज्या ब्रेक ऑइलमध्ये बुडवून हाताने बसवलं. पिस्टन अंगठ्याने सरळ आत गेला पाहिजे. हातोडी लागत असेल तर काहीतरी चुकतंय.

मिस्त्री, शिरपूर

रावेरवाले भाऊंनी बरोबर लिहिलं. माझ्याकडे गिऱ्हाईक येतं ते एकच वाक्य घेऊन, "दादा, चाक फिरसच नही." निम्म्या वेळा घरी पेट्रोलने धुऊन आलेलं असतं. पेट्रोल, रॉकेल, डिझेल काहीही या रबराला चालत नाही, रबर फुगी जास. धुवायला ब्रेक क्लीनर, तो नसेल तर ताजं ब्रेक ऑइल आणि स्वच्छ फडकं.

दुसरं, तेल उडालेले पॅड. गॅसवर भाजून, पेपरवर घासून परत घालणारे खूप आहेत. मी घालून देत नाही. आत मुरलेलं तेल गरम झालं की पुन्हा वर येतं. बाकी सगळीकडे काटकसर करा, पॅडमध्ये नको.

नळीच्या बोल्टाचे तांब्याचे वायसर मात्र वाचवता येतात. लाल होईस्तोवर तापवून गार केले की तांबं मऊ पडतं आणि परत घट्ट बसतं. पार चपटे झाले असतील तर नवे घ्या, ते काही महाग नाहीत.

लेथवाला, भुसावळ

जुन्या गाड्यांचे पिस्टन मिळत नाहीत तेव्हा लोक माझ्याकडे येतात. स्टेनलेस ३०४ चा रॉड लावून काढून देतो. माप व्हर्नियरने घेऊन भागत नाही, मायक्रोमीटर लागतो, आणि शेवटचा हात आरशासारखा पॉलिशचा लागतो. मूळ पिस्टन बहुतेक लोखंडी, वर हार्ड क्रोम. क्रोमला खड्डा पडला की पॉलिश पेपर मारून काही होत नाही, खालचं लोखंड पुन्हा गंजतं आणि त्याची धार सील कापते. नुसता डाग असेल तर तो पुसून निघतो. नख फिरवून बघा, नख अडकलं तर पिस्टन गेला.

केळीवाला, रावेर

भाऊ, तुमच्या हातावर विश्वास आहे, पण प्रत्येक गावातल्या लेथवर नाही. बाजारात पिस्टन मिळत असेल तर तोच घ्यावा.

(धागाकर्ता : सहमत. लेथ हा शेवटचा उपाय.)

गुरुजी, धडगाव

माझं कॅलिपर ठणठणीत होतं, तरी ब्रेक गेला. सातपुड्यातला लांब उतार, मागे बायको, आणि मे महिना. खाली येता येता लिव्हर स्पंजासारखी झाली, मग थेट हँडलला टेकली. गिअर उतरवत, इंजिनावर गाडी थांबवली. अर्ध्या तासाने गार झाल्यावर ब्रेक जणू काही झालंच नाही असा लागला!

कारण तेल. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट ४ या प्रतीच्या तेलाचा उकळबिंदू कोरं असताना किमान २३० अंश, ओल मुरली की १५५ पर्यंत उतरलेला चालतो असं मानकच सांगतं. तेल उकळलं की वाफ होते आणि वाफ दाबली जाते, मग पिस्टनपर्यंत दाब पोचत नाही. म्हणून दर दोन वर्षांनी तेल बदला, आणि उघडी पडलेली बाटली जपून ठेवू नका. आणखी एक. डॉट ५ हे नाव भारी वाटतं म्हणून घेऊ नका, ते सिलिकॉनचं असतं आणि ३-४ मध्ये मिसळत नाही. ५.१ मात्र ४ च्याच घराण्यातलं.

चाळीसगावची

माझी स्कूटर, कॅलिपरचं काम धाकट्या दिराने केलं, तेलाच्या नळीत शिरलेली हवा मी काढली. लिव्हर मारमारून दोघंही थकलो तरी ती घट्ट होईना. मग मेडिकलमधून मोठी सिरिंज आणली, पारदर्शक नळी लावली, आणि कॅलिपरच्या निपलमधून (हवा काढायचा स्क्रू) तेल खालून वर ढकललं. हवेला वरच जायचं असतं, तिला वाट मोकळी केली की झालं. वर हँडलजवळच्या मास्टर सिलिंडरची (लिव्हर दाबली की तेल ढकलणारा भाग) टाकी भरून वाहू नये म्हणून एकाने लक्ष ठेवायचं, आधी थोडं तेल काढून घ्यायचं. रात्री लिव्हर ट्यूबच्या तुकड्याने बांधून ठेवली, सकाळी उरलेली कसरही गेली. तेल रंगावर सांडलं तर पुसत बसू नका, लगेच पाणी ओता. शेजाऱ्यांच्या गाडीच्या मडगार्डाचा रंग सोलून निघालेला पाहिलाय.

शहादेकर

कॅलिपर खोलायच्या आधी एक तपासणी सांगतो. ब्रेक जाम झालेला असताना निपल जरा सैल करा. पिचकारी उडून चाक मोकळं झालं तर दाब वर अडकलाय. मास्टर सिलिंडरच्या टाकीच्या तळाशी सुईएवढं भोक असतं, त्यातून तेल परत येतं. ते तुंबलं की ऊन आणि घर्षणाने फुगलेलं तेल आतच कोंडतं. आमच्याकडच्या उन्हात भर दुपारी ब्रेक धरायचा आणि सांजच्याला सुटायचा. बारीक तारेने भोक मोकळं केलं, खर्च शून्य. निपल सोडूनही चाक जामच राहिलं तर मग पिस्टन आणि पिना.

साक्रीचा नवखा

माझी गाडी एबीएसवाली (जोरात ब्रेक मारला तरी चाक अडकू न देणारी यंत्रणा) आहे. घरी खोलावं का?

(धागाकर्ता : एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचंच आहे, त्यामुळे हा प्रश्न आता बहुतेकांचा. कॅलिपर तेच, पिस्टन-सीलही तसंच. फक्त काम चालू असताना वरची टाकी कोरडी पडू देऊ नका. हवा एबीएसच्या युनिटमध्ये शिरली तर काही गाड्यांत ती काढायला स्कॅनर जोडून आतला पंप चालवावा लागतो, आणि तो प्रत्येक गॅरेजात नसतो. चाकाजवळच्या सेन्सरची वायर ओढू नका. साक्रीत स्कॅनर असलेला कोणी माहीत असेल तर इथे लिहा.)

मिस्त्री, शिरपूर

स्कॅनर माझ्याकडे आहे, पण सगळ्या गाड्यांना लागत नाही. येण्याआधी मॉडेल आणि साल कळवा.