मदत हवी आहे : नागपुरात तीन-चार दिवस, राहायचं कुठे आणि फिरायचं कसं?

सोनचाफा
डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात शुक्रवार ते सोमवार पुण्याहून नागपूरला यायचा विचार आहे. आम्ही दोघं, नऊ वर्षांची मुलगी आणि सासूबाई. सासूबाई सपाट रस्त्यावर अर्धा किलोमीटर आरामात चालतात, पण गुडघ्यांमुळे जिने शक्यतो नकोत. त्यांना दीक्षाभूमी आणि रामटेक बघायचंच आहे. मुलीला प्राणी आणि आगगाड्या. बाकी खाणं, तलाव, जुनं शहर जमेल तसं.

हॉटेलं शोधताना रेल्वे स्थानकाजवळ, रामदासपेठ, सदर आणि वर्धा रोड असे चार भाग समोर येतात. दर दोन ते चार हजारांच्या दरम्यान परवडेल. दिवसभराची गाडी करावी की मेट्रो आणि ऑटोवर भागेल? सोमवारी काय काय बंद असतं?

टेकडीचा शेजारी
ताई, हॉटेल नंतर पाहा, आधी तारीख बदला. डिसेंबरात इथं विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन भरतं आणि बहुतेक वेळा त्याची सुरुवात नेमकी दुसऱ्या आठवड्याच्या आसपास होते. त्या काळात मंत्री, आमदार, अधिकारी, पत्रकार, पोलीस, मोर्चेकरी सगळेच शहरात. एरवी तीन हजाराला मिळणारी खोली पाचात मिळाली तरी नशीब समजा. विधानभवन, झिरो माइल, कस्तुरचंद पार्क हा तुमच्या फिरण्याचा मधला पट्टा, आणि मोर्चे अडवतात ते टेकडी रोड, मॉरिस कॉलेज टी-पॉइंट, एलआयसी चौक याच भागात. रस्ता कधी बंद होईल आणि कॅबवाला कुठे उतरवून देईल याचा नेम नाही. वरून मेट्रो सुरू असते, तेवढाच काय तो दिलासा.

अधिवेशन संपल्यावरचा आठवडा किंवा जानेवारी घ्या. संत्री खायची असतील तर डिसेंबरअखेर बरी : आंबिया बहाराची फळं तोवर बाजारात असतात, मृग बहाराची फेब्रुवारीपासून येतात. जानेवारीचा मधला काळ थोडा कोरडा जातो. थंडी दोन्हीकडे आहेच, रात्री पारा १० अंशांच्या आसपास येतो, त्यामुळे सासूबाईंसाठी गरम मोजे ठेवा. दीक्षाभूमीवर चपला बाहेर काढाव्या लागतात आणि सकाळी फरशी बर्फासारखी असते.

बर्डीकर
तारखेचं वर आलंच. आता राहण्याचं.

नागपूर मेट्रोचे दोनच मार्ग आहेत आणि नकाशावर ते अधिक चिन्हासारखे दिसतात. ऑरेंज मार्ग उत्तर-दक्षिण, ऑटोमोटिव्ह चौक ते खापरी. अ‍ॅक्वा मार्ग पूर्व-पश्चिम, प्रजापतीनगर ते लोकमान्यनगर. दोन्ही सीताबर्डीला एकमेकांना छेदतात. म्हणून हॉटेल निवडताना ‘रेल्वे स्टेशनपासून किती’ हे न बघता ‘सीताबर्डीपासून किती स्थानकं, आणि हॉटेलच्या दारापासून मेट्रोच्या लिफ्टपर्यंत किती पावलं’ हे बघा. स्थानकं बहुतेक उंचावर आहेत, पण लिफ्ट आणि सरकते जिने आहेत. सीताबर्डीला मार्ग बदलताना मजला बदलावा लागतो. तिथं गर्दीबरोबर जिन्याकडे न वळता लिफ्टची पाटी शोधा.

तुमच्यासाठी माझी पसंती रामदासपेठ-धंतोली. झाशी राणी चौक किंवा काँग्रेसनगर स्थानक गाठता येतं, दीक्षाभूमी ऑटोने जवळ, जेवायला शाकाहारी-मांसाहारी दोन्ही. हा भाग दवाखान्यांचा आहे, त्यामुळे औषधाची दुकानं पावलोपावली. पण त्याच कारणाने काही लॉज पेशंटच्या नातेवाइकांनी भरलेले असतात, आणि तिथं खोली स्वच्छ असली तरी रात्रभर ये-जा चालू. दवाखान्याला लागून असलेली इमारत टाळा. गाडी घेऊन येणार असाल तर पार्किंग आहे का, हे आधी फोनवर विचारा. रस्त्यावर लावायला इथं जागा नसते.

स्थानकाजवळ आणि सेंट्रल अव्हेन्यूवर खोल्या स्वस्त, पण रात्रभर ट्रॅव्हल्स आणि हॉर्न. पहाटेची गाडी पकडायची असेल तर एक रात्र ठीक. सदर संध्याकाळी खाण्यापिण्याला मस्त, मात्र तिथं आतल्या गल्लीतली हॉटेलं मेट्रोपासून लांब पडतात. गड्डीगोदाम किंवा कस्तुरचंद पार्क स्थानक किती लांब ते आधी नकाशावर मोजून घ्या.

बुकिंगच्या वेळी तीन गोष्टी विचारा. लिफ्ट तळमजल्यापासून आहे का (काही ठिकाणी पहिला मजला चढून मग लिफ्ट मिळते). चेक-आउट दुपारी बाराचं की २४ तासांचं. रात्रीच्या गाड्या इथं सकाळीच पोचतात, त्यामुळे २४ तासांवाल्या ठिकाणी सकाळी सातला खोली घेतली तरी पुढच्या दिवशी सातपर्यंत तुमचीच, बारावाल्याकडे अर्ध्या दिवसाचे पैसे लागू शकतात. आणि तिसरं, चौघांना एकाच खोलीत ठेवणार की दोन खोल्या घ्यायला लावणार.

ऑरेंज लाइन
वर्धा रोडला एवढं सरसकट बाजूला टाकू नका. छत्रपती चौक, जयप्रकाशनगर, उज्ज्वलनगर ही स्थानकं ऑरेंज मार्गावर आहेत, गाडी न बदलता थेट बर्डी (म्हणजे सीताबर्डी). हॉटेलं नवी, खोल्या मोठ्या, लिफ्ट व्यवस्थित. मेट्रो सकाळी सहा ते रात्री दहाच्या आसपास चालते आणि साधारण १०-१५ मिनिटांनी गाडी येते, म्हणजे अडचण फक्त रात्री उशिरा.

एक मात्र तपासा : हॉटेल रस्त्याच्या कोणत्या बाजूला. वर्धा रोडवर खाली रस्ता, मध्ये उड्डाणपूल, त्याच्यावर मेट्रो असा तीन मजली कारभार आहे. खालून रस्ता ओलांडणं वयस्कर माणसाचं काम नाही. मेट्रो स्थानकाच्या पुलावरून पलीकडे उतरता येतं, तेच करा.

बर्डीकर
मान्य. पण त्यांना संध्याकाळी बाजार, खाऊगल्ली हवी आहे. मुलगी दमली की खोलीवर नेऊन परत यायला बर्डीजवळच सोपं. खोलीच्या आकारापेक्षा दुपारचा तासभर आराम महत्त्वाचा.

सोनचाफा
तारीख डिसेंबरअखेर करतोय. पण एका गाडीचं तिकीट नागपूरऐवजी अजनीपर्यंतचं दिसतंय. अजनी गावाबाहेर आहे का?

रूळपाहणी
नाही, अजनी शहरातच आहे, आणि रामदासपेठ-धंतोलीला तर नागपूर जंक्शनपेक्षा सोयीचं. पुण्याच्या काही गाड्या, वंदे भारत धरून, अजनीलाच संपतात. घोटाळा पुढे होतो : मेट्रोच्या यादीत ‘अजनी चौक’ नावाचं स्थानक आहे, लोक ते शोधत निघतात. अजनी रेल्वे स्थानकाला जवळचं मेट्रो स्थानक काँग्रेसनगर. सामान असेल तर सरळ ऑटो करा.

नागपूर जंक्शनचीही दोन तोंडं आहेत. मुख्य इमारत आणि फलाट १ पश्चिमेला, संत्रा मार्केटचं दार पूर्वेला. मेट्रोचं ‘नागपूर रेल्वे स्टेशन’ पूर्वेच्या बाजूला, अ‍ॅक्वा मार्गावर. पश्चिमेला बाहेर पडून मेट्रो शोधत बसलात तर सगळा वळसा पडतो. कॅब बोलावतानाही कोणत्या बाजूला उभे आहात ते लिहा, नाहीतर चालक एकीकडे, तुम्ही दुसरीकडे.

विमानाने येणाऱ्यांसाठी : ‘एअरपोर्ट’ मेट्रो स्थानक वर्धा रोडवर आहे, टर्मिनलला चिकटून नाही. सामानासकट चालायचं अंतर नाही.

टेकडीचा शेजारी
ऑटोबद्दल : मीटरच्या भरवशावर बसू नका. आधी भाडं ठरवा, आणि ‘चौघांचे मिळून’ हे शब्द वापरा, नाहीतर उतरताना शेअर सीटचा हिशोब निघतो. ॲपवर त्याच अंतराचा दर पाहून मग बोला.

बर्डीकर
आता दिवसांची विभागणी. दिवसभराची गाडी फक्त रामटेकच्या दिवशी करा. शहरात गाडी घेऊन महाल-इतवारीत, म्हणजे जुन्या शहरात, शिरलात तर चालक पार्किंगपायी वैतागेल आणि तुम्हीही.

शुक्रवार, पोचल्यावर : दीक्षाभूमी. मेट्रोने रहाटे कॉलनी, तिथून ऑटो. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी इथंच धम्मदीक्षा घेतली. स्तूपाचा घुमट आतून पोकळ आहे, आत आवाज घुमतो, मुलीला आधीच सांगून ठेवा. बोधिवृक्षाखाली बसायला जागा मिळते, सासूबाईंना घाई नको. (दसऱ्याच्या सुमाराला मात्र इथं लाखोंनी लोक येतात. तेव्हा यायचं ते सोहळ्यासाठी, निवांत बघण्यासाठी नाही.) संध्याकाळी शंकरनगर चौकातून ऑटोने फुटाळा तलाव. सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी पोचा. रविवारी तिथं जाऊ नका, चौपाटीवर पाय ठेवायला जागा नसते.

शनिवार : आगगाडी आणि अजब बंगला. कडबी चौक स्थानकाजवळ मोतीबागला नॅरोगेज रेल्वे संग्रहालय आहे, जुनी इंजिनं, डबे, मुलांची छोटी गाडी. मग ऑरेंज मार्गानेच झिरो माइल फ्रीडम पार्क स्थानकावर या. झिरो माइल ही जुन्या सर्वेक्षणाची खूण; तिथले चार घोडे आणि वालुकाश्माचा खांब हा दहा मिनिटांचा विषय. अजब बंगला, म्हणजे १८६३ मध्ये सुरू झालेलं मध्यवर्ती संग्रहालय, तिथून जवळच. दोन तास ठेवा, कारण दालनं एकापाठोपाठ आहेत आणि सासूबाईंना मध्ये बसावं लागेल. बर्डीच्या किल्ल्याबद्दल कोणी सांगेल, पण तो लष्कराच्या ताब्यात आहे, लोकांसाठी २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्टलाच उघडतो.

रविवारी रामटेक, त्याचं खाली कोणी सविस्तर लिहा.

सोमवार हा फसवा वार. अजब बंगला, नॅरोगेज संग्रहालय आणि गोरेवाडा प्राणिसंग्रहालय तिन्ही बंद. रामन विज्ञान केंद्र उघडं असतं, कॉटन मार्केट स्थानकावरून ऑटोने गांधीसागर तलावाकडे. तारांगणाचं तिकीट वेगळं आणि खेळाच्या वेळा ठरलेल्या, म्हणून पोचल्या पोचल्या आधी त्या खिडकीवर जा, मग बाकी दालनं. गोरेवाड्याची बसमधली सफारी प्राण्यांसाठी खरी हवी, वाघ, बिबट, अस्वल दिसतात. ती शनिवारी पहिल्या फेरीला बसवा आणि तिकीट ऑनलाइन काढा. अजब बंगला मग दुपारनंतर, तोही कमी वेळात. काटोल रोडला मेट्रो नाही, परतीची कॅब लवकर मिळत नाही. जाताना ज्या ऑटोने गेलात त्यालाच थांबायचे पैसे ठरवा.

रूळपाहणी
अ‍ॅक्वा मार्गाने सुभाषनगरपर्यंत एक फेरी मारा. अंबाझरी तलाव डब्यातून दिसतो, गुडघे न दुखवता.

रामटेकवाला
अंतर साधारण ५० किलोमीटर, जबलपूर रस्त्याने मनसरपर्यंत आणि तिथून उजवीकडे. सकाळी साडेसातला निघा. गाडीवाल्याला स्पष्ट सांगा : ‘गडावर मंदिराजवळपर्यंत गाडी न्यायची.’ न सांगितल्यास काही चालक अंबाळा तलावाशी सोडतात, तिथून पायऱ्या शेकड्यांनी आहेत. वरून गेलं तरी थोड्या पायऱ्या चुकत नाहीत, काठी जवळ असू द्या. माकडांच्या समोर प्रसादाची पिशवी, बिस्किटं, चष्मा हातात नको. नारळ पिशवीत, पिशवी पाठीमागे नाही, पोटाशी.

कालिदास स्मारक वरच आहे. खिंडसी तलावाला बोटिंग असतं, पण सासूबाई दमल्या असतील तर ते सोडा आणि परतीत कामठीचं ड्रॅगन पॅलेस हे बुद्धमंदिर करा. तिथं चालणं सपाट आहे आणि शांत बसता येतं. दुपारी दोनच्या आत रामटेक सोडलंत तर संध्याकाळची कामठी रोडची गर्दी चुकते. गाडी ठरवताना टोल, पार्किंग आणि चालकाचं जेवण भाड्यात धरलंय का, ते मेसेजवर लिहून घ्या.

सोनचाफा
हे सगळं जमेल. सावजी, म्हणजे तिथलं झणझणीत जेवण, मुलीला झेपेल का?

टेकडीचा शेजारी
रस्सा नाही झेपणार. सुकं मागवा, रस्सा वेगळ्या वाटीत, आणि सोबत भाकरी किंवा साधा भात. तर्री-पोह्यातही पोहे आधी, तर्री (वरचा तिखट रस्सा) बाजूला मागा. पोह्यांची मजा सकाळी नऊपर्यंतच, नंतर भांड्यात उरलेलं मिळतं. सासूबाई कांदा-लसूण खात नसतील तर रामदासपेठेत हॉटेल घेतानाच खाली कोणतं भोजनालय आहे ते विचारा, रात्री नऊनंतर शोधत फिरू नका.