सी१ अ‍ॅडव्हान्स्डचा सक्तीचा निबंध: मुद्दे आहेत, पण युक्तिवाद उभा राहत नाही

प्रश्न – खानापूरची शिक्षिका

नमस्कार. दहावीपर्यंत मी खानापूर तालुक्यातील मराठी शाळेत शिकले, पुढे बेळगावात इंग्रजी विषय घेऊन पदवी घेतली आणि सध्या एका खासगी शाळेत इंग्रजी शिकवते. परदेशी विद्यापीठातील प्रवेशासाठी केंब्रिजची सी१ अ‍ॅडव्हान्स्ड ही वरच्या पातळीची इंग्रजी परीक्षा देण्याचे ठरवले आहे. वाचन आणि श्रवण या विभागांची मला फारशी चिंता वाटत नाही. मी अडले आहे ते लेखनाच्या पहिल्या भागातील सक्तीच्या निबंधावर.

सरावासाठी घेतलेला विषय असा होता: वाढत्या शहरांतील वाहतूक कोंडी कमी करण्यासाठी नगर प्रशासनाने कोणता उपाय योजावा? टिपणात नेहमीप्रमाणे तीन उपाय दिले होते: बससेवा सुधारणे, रस्ते रुंद करणे आणि वाहने उभी करण्यासाठी शुल्क आकारणे. त्यांपैकी दोहोंची चर्चा करून अधिक परिणामकारक कोणता ते सकारण सांगायचे होते. विषय माझ्या ओळखीचा होता. सणासुदीला बेळगावच्या खडेबाजारात पाय ठेवायला जागा नसते आणि गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागे खोळंबणे आपल्या जिल्ह्यात कुणालाच नवीन नाही. निबंध शब्दमर्यादेत बसला, व्याकरणाच्या चुकाही मोजक्याच निघाल्या, तरी तपासणाऱ्या मॅडमनी खाली लिहिले की मुद्दे पुष्कळ आहेत, परंतु युक्तिवाद कुठेच नाही. शेरा समजतो, पण त्यावर उपाय काय ते समजत नाही. दोन्ही उपायांची नीट चर्चा करायची आणि तरीही एकाची बाजू घ्यायची, हे कसे साधावे? शिवाय आपल्या भागातील उदाहरणे परक्या परीक्षकाला कळतील का, की ती टाळावीत? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

उत्तर १ – टिळकवाडी

ताई, मॅडमचा शेरा मोलाचा आहे आणि तो बहुतेक मराठी माध्यमातून आलेल्या हुशार विद्यार्थ्यांना लागू पडतो, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

शाळेत आपण निबंध शिकतो तो विषयाच्या दिसतील तितक्या बाजू मांडण्यासाठी. आरंभी सुभाषित, मग फायदे, मग तोटे आणि शेवटी कुणालाच न दुखावणारा समारोप, ही त्याची घडण. त्या प्रकारात हे शोभते, आणि त्यातून आलेली शब्दसंपदा वायाही जात नाही. केंब्रिजच्या या निबंधात मात्र वाचकाला निर्णय हवा असतो आणि तो निर्णय कशाच्या आधारावर घेतला हेही दिसायला हवे असते. तपासणी चार अंगांनी होते: आशय, संवादाची परिणामकारकता, मांडणी आणि भाषा. प्रत्येकाला शून्य ते पाच गुण असतात. म्हणजे शुद्ध भाषा ही चारांतील एक बाजू झाली. उरलेल्या तीन बाजू युक्तिवादावर उभ्या असतात.

शब्दमर्यादा २२० ते २६० शब्दांची आहे. एवढ्या जागेत तिसरा उपाय आणण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. प्रश्नात दोनच मागितलेले असतात. तिसऱ्याने एकही गुण वाढत नाही, उलट पहिल्या दोहोंच्या वाट्याचे शब्द तो खातो. टिपणाखाली जी तीन मते छापलेली असतात ती वापरण्याची मुभा असते, सक्ती नसते, आणि वापरलीच तर ती स्वतःच्या शब्दांत यावीत.

आता आपल्या मुख्य अडचणीकडे येतो. दोन्ही उपायांना न्याय द्यायचा आणि तरी एक निवडायचा, हे साधते ते दोघांनाही एकच निकष लावल्याने. लिहायला बसण्यापूर्वी कच्च्या कागदावर एकच वाक्य लिहावे: अमुक उपाय तमुकापेक्षा अधिक परिणामकारक आहे, कारण या कसोटीवर तो टिकतो आणि दुसरा टिकत नाही. कसोटी आपण निवडायची. परिणाम किती लवकर दिसेल, तो किती काळ टिकेल, कमी उत्पन्नाच्या लोकांवर बोजा पडेल का, यांपैकी कुठलीही चालेल, पण निबंधभर तीच राहिली पाहिजे. आपल्या निबंधात बहुधा असे झाले असावे की बससेवेच्या परिच्छेदात पर्यावरण आणि पैशांची बचत आली, शुल्काच्या परिच्छेदात शिस्त आणि महसूल आला, आणि शेवटी बससेवा श्रेष्ठ ठरली. पण पर्यावरणाची तुलना महसुलाशी कशी करणार? दोन्ही परिच्छेद आपापल्या जागी बरोबर असूनही त्यांची गाठच पडत नाही. मॅडमना युक्तिवाद दिसला नाही तो यामुळेच, असे मला वाटते.

स्थानिक उदाहरणे अवश्य द्यावीत. आपल्या भागातील उदाहरण दिले की विधान आपोआप नेमके होते आणि पाठ केलेल्या निबंधाचा वास त्याला येत नाही. फक्त परक्या वाचकाला लागणारी ओळख एका उपवाक्यात करून द्यावी. ‘शक्ती’ योजनेचेच पाहा. ११ जून २०२३ पासून कर्नाटकातील महिलांना, आलिशान गाड्या वगळता, सरकारी बसमधून राज्यांतर्गत प्रवास मोफत आहे. कोल्हापूर किंवा पणजीच्या आंतरराज्य गाड्यांना ही सवलत नाही, हे आपल्याला सीमाभागात रोज जाणवते, परंतु तो तपशील परीक्षकाला नको. माझ्या राज्यात महिलांना सरकारी बसप्रवास मोफत आहे, एवढे सांगून लगेच त्यातून युक्तिवाद काढावा. परीक्षेत आपले सामान्यज्ञान तपासले जात नाही. उदाहरण मुद्द्याला बळ देते की नुसतेच शेजारी बसते, हे तपासले जाते.

उत्तर २ – निपाणीकर

सरांच्या म्हणण्यात थोडी वेळेची भर घालतो. लेखनाच्या दोन्ही भागांना मिळून दीड तास असतो आणि दोन्ही भागांचे गुण समान असतात, त्यामुळे निबंधावर पाऊण तासाहून अधिक खर्च करणे परवडत नाही. त्यातली पहिली दहा मिनिटे आराखड्याला आणि शेवटची पाच मिनिटे तपासणीला राखून ठेवावीत.

तपासताना आपल्या लोकांनी दोन गोष्टी नेमाने पाहाव्यात. मराठीत ‘जरी’ आले की ‘तरी’ येतेच, त्या सवयीने इंग्रजीत ‘ऑल्दो’ने सुरू झालेल्या वाक्यात पुढे ‘बट’ घुसतो, तो काढावा. दुसरे म्हणजे ‘अ’ आणि ‘द’. ही उपपदे मराठीत नसल्याने लिहिताना ती निसटतात आणि वाचतानाही डोळ्यांना त्यांची उणीव खुपत नाही. एक वाचन केवळ नामे पाहण्यासाठी करावे. विरळा शब्द वापरताना किरकोळ चूक झाली तर या पातळीवर ती समजून घेतली जाते, पण साध्या रचनेतील चुका पुन्हा पुन्हा आल्या तर भाषेचे गुण घसरतात.

आणखी एक, ‘फर्दरमोअर’ आणि ‘मोरओव्हर’ यांनी प्रत्येक वाक्य सुरू करणे म्हणजे मांडणी, असा समज अनेक शिकवण्यांमधून पसरलेला आहे. दोन वाक्यांत खरोखर कारण आणि परिणाम असा संबंध असेल तर ‘धिस’ किंवा ‘सच’ एवढ्याने तो जुळतो.

प्रश्नकर्ती – खानापूरची शिक्षिका

दोघांचेही मनापासून आभार. निकष वेगवेगळे असल्याचे सरांचे निदान अचूक आहे. निबंध पुन्हा वाचला तेव्हा ते स्पष्ट दिसले. आता ‘दुचाकीवाला माणूस वाहन घरी ठेवील का’ हीच कसोटी मी दोन्ही उपायांना लावते आहे. बससेवेच्या नव्या परिच्छेदाचा आशय मराठीत देते:

‘बससेवा सुधारणे हा उत्तम उपाय आहे. माझ्या राज्यात महिलांना सरकारी बसप्रवास मोफत आहे आणि त्याचा लाभ अनेक महिला घेतात. बस भरवशाची असेल तर लोक दुचाकी घरी ठेवतील. त्यामुळे रस्ते मोकळे होतील.’

हे पूर्वीपेक्षा बरे वाटते, तरी अजून कुठेतरी पोकळ आहे. यात काय कमी आहे?

उत्तर ३ – टिळकवाडी

ताई, कसोटी उत्तम निवडलीत. कमतरता आहे ती दुसऱ्या आणि तिसऱ्या वाक्याच्या मधोमध. दुसरे वाक्य भाड्याबद्दल आहे, तिसरे भरवशाबद्दल, आणि एकातून दुसऱ्यात जाण्याची पायरी वाचकाला दिलेली नाही. ती पायरी हाच युक्तिवाद.

असा विचार करून पाहा. भाडे माफ केले की गर्दी वाढणार हे उघड आहे, पण हा वाढलेला प्रवासी कोण? पूर्वीही बसनेच जाणारी किंवा पैशांअभावी घरी राहणारी स्त्री त्यात असू शकते, आणि तिच्यासाठी ही सवलत फार मोठी आहे. मात्र जो माणूस आज दुचाकीवरून कामाला जातो, त्याला तिकिटाच्या रकमेपेक्षा थांब्यावर किती वेळ उभे राहावे लागेल याची चिंता अधिक असते. म्हणून कोंडी कमी करायची असेल तर भाड्यापेक्षा फेऱ्यांची संख्या अधिक महत्त्वाची ठरते. आता आपले उदाहरण केवळ सजावट न राहता कामाला लागले: मोफत प्रवासाचा दाखला देऊन, तो चांगला असूनही या विशिष्ट प्रश्नाला पुरा का पडत नाही, हे आपण दाखवले. ‘उत्तम उपाय आहे’ हे पहिले वाक्य मग काढून टाकता येईल. त्याच्या जागी ‘बससेवा कोंडी कमी करू शकते, परंतु फेऱ्या वाढल्या तरच’ असे विधान आले तर वाचकाला पुढे काय सिद्ध होणार ते कळते.

शुल्काच्या परिच्छेदालाही हाच प्रश्न विचारावा. शुल्क लागले तर दुचाकीवाला वाहन घरी ठेवील, की पलीकडच्या गल्लीत फुकट उभे करील? दुसरे उत्तर खरे वाटत असेल तर बससेवेची बाजू आपोआप भक्कम होते. तरीही शुल्काच्या बाजूने एक मुद्दा प्रामाणिकपणे मान्य करावा, उदाहरणार्थ बससाठी लागणारा पैसा त्यातून उभा राहू शकतो. दुसऱ्या उपायाचे बळ मान्य करून मग त्याला मागे सारणे, हे नुसत्या खंडनापेक्षा परीक्षकाला अधिक पटते.

शेवटच्या परिच्छेदात नवा मुद्दा आणू नये. निर्णय आणि त्यामागची कसोटी दोन-तीन वाक्यांत आली की पुरे. ‘अशा प्रकारे दोन्ही उपाय तितकेच आवश्यक आहेत’ हे वाक्य मात्र येथे येऊ देऊ नका, कारण प्रश्नात नेमकी निवडच मागितलेली असते. शुल्काचा परिच्छेद लिहून झाला की तोही येथे द्यावा, निपाणीकर आणि मी दोघेही वाचू.