२५ वर्षांची हॉलिडे मेंबरशिप घ्यायची का? शनिवारपर्यंत सांगायचंय

माटोळी

नमस्कार मंडळी. आम्ही फोंड्याला राहतो, मिस्टर कुंडईच्या इंडस्ट्रियल इस्टेटीत कामाला, मी शाळेत शिकवते, दोन मुलं (सहावी आणि तिसरी) आणि सासूबाई. झालं असं की गेल्या महिन्यात म्हापशाला पेट्रोल पंपावर एकाने कूपन भरायला लावलं, मी नंबर दिला आणि विसरून गेले. आठ दिवसांनी फोन, अभिनंदन मॅडम तुम्हाला तीन रात्री फ्री लागल्या, व्हाउचर घ्यायला पणजीच्या हॉटेलात या, पण नवराबायको दोघंही पाहिजेत. गेलो. पाऊण तास म्हणाले होते, साडेतीन तासांनी बाहेर पडलो, धाकटा तिथेच खुर्चीवर झोपला.

ऑफर अशी आहे (टाइमशेअर म्हणतात तो प्रकार): २५ वर्षं, दरवर्षी ७ रात्री, वन बेडरूम, जीएसटी धरून साडेचार लाख. शिवाय दरवर्षी मेंटेनन्स, तो सध्या १७ हजार अधिक जीएसटी, म्हणजे २० हजारच. ईएमआय पण करून देतात. त्यांची देशभर रिसॉर्ट आहेत, महाबळेश्वर, कूर्ग, मुन्नार, मनाली सगळं दाखवलं. गोव्यात पण आहे म्हणे. मी म्हटलं अहो आम्ही फोंड्याहून सासष्टीत जाऊन सात रात्री राहू की काय, तिथून तर घरी येऊन कुकर लावून परत जाता येईल, तर तो मुलगा बिचारा हसला पण नाही.

मिस्टरांना पटलंय. त्यांचं म्हणणं, एरवी आपण ठरवतो ठरवतो आणि कुठेच जात नाही, पैसे भरलेले असले की निदान जावं लागेल. मला धाकधूक वाटते. "आजच सही केली तर ६० हजार कमी" म्हणून खूप मागे लागले होते, शेवटी ५ हजार टोकन कार्डवरून भरून शनिवारपर्यंत मुदत मागून घेतली. टोकन रिफंडेबल आहे असं तोंडी सांगितलंय.

विचारायचं हे की घ्यावी का, आणि घ्यायचीच तर अशी सगळीकडे चालणारी बरी की एकाच ठिकाणचा ठरलेला आठवडा देतात ती? कुणी वापरलीये का?

रेतीतला_खेकडा

पात्रांव, सॉरी, ताई, मी हे काम कलंगुटला दोन सीझन केलंय. कंपनीचं नाव घेत नाही. आमचं काम स्क्रॅच कार्डचं, स्कूटरवर फिरायचं, हॉटेलातून बाहेर पडणारं जोडपं दिसलं की थांबवायचं, कार्ड खरवडायला द्यायचं. प्रत्येक कार्डावर बक्षीस असतंच, फक्त खरवडणाऱ्याला ते माहीत नसतं. आमच्यासारख्या रस्त्यावरच्या पोरांना ओपीसी म्हणायचे, आणलेल्या जोडप्यामागे पैसे मिळायचे. पेट्रोल पंपाचं कूपन त्याचंच भावंड.

दोघंही पाहिजेत का, ते सांगतो. एकटा नवरा आला तर "घरी विचारून सांगतो" म्हणून उठतो. दोघं असली की तो रस्ता बंद. मग पहिला माणूस गोड बोलतो, सुट्ट्यांना किती खर्च करता वगैरे तुमच्याच तोंडून वदवून घेतो, तुम्ही नाही म्हणालात की "मॅनेजर" येतो, तो क्लोजर, म्हणजे सौदा पक्का करणारा, त्याच्याकडे तोच माल कमी किमतीत असतो. ते ६० हजार पुढच्या आठवड्यातही मिळतील. बहुतेक जास्तच कमी होतील. शनिवारी फोन उचलू नको आणि सोमवारी काय भाव सांगतात बघ, गंमत म्हणून.

आणि ती फ्री तीन रात्रींची व्हाउचरं नीट वाच. प्रवास आपला, जेवण आपलं, तारखा त्यांच्या, वर काहीतरी "युटिलिटी चार्ज".

हिशेबी_बामण

बँकेत २६ वर्षं काढली, त्यामुळे माझं उत्तर रूक्ष असणार, आधीच माफी.

सेल्सवाला असा हिशेब दाखवतो: साडेचार लाख भागिले १७५ रात्री (७ गुणिले २५), म्हणजे रात्रीला २,५७१ रुपये, बघा किती स्वस्त. यात दोन गोष्टी गाळलेल्या असतात. एक, मेंटेनन्स, तो पहिल्याच वर्षी रात्रीला २,८५७ पडतो, म्हणजे खोलीच्या "किमतीपेक्षा" जास्त. दुसरी, तुमचे साडेचार लाख आज जातात आणि परत येत नाहीत. तेच पैसे ७ टक्क्यांनी ठेवून २५ वर्षांत मुद्दलासकट संपवायचे ठरवले तर दरवर्षी साधारण ३८,६०० रुपये काढता येतात. त्यात मेंटेनन्सचे २० हजार मिळवा, ५८,६००, भागिले सात. रात्रीला ८,३०० च्या वर. एवढ्यात फोंड्याचं कुटुंब कुठल्याही साइटवरून, हवं तिथे, हव्या तारखेला खोली घेऊ शकतं, आणि नको त्या वर्षी शून्य रुपये भरू शकतं.

हे झालं पहिल्या वर्षाचं. मेंटेनन्स किती वाढू शकतो त्यावर करारात काही मर्यादा आहे का ते शोधा, हे सगळ्यात महत्त्वाचं. वर्षाला ६ टक्के धरला तर बाराव्या वर्षाच्या सुमारास तो दुप्पट होतो, शेवटच्या वर्षी ८१ हजार, आणि २५ वर्षांची बेरीज जवळजवळ ११ लाख. म्हणजे मेंबरशिप साडेचार लाखांची नाहीच. ती साडेपंधरा लाखांची आहे, त्यातले साडेचार आज.

हॉटेलांचे दरही वाढणारच, हे मला मान्य आहे, तो मुद्दा सेल्सवाल्याचा खरा आहे. पण हॉटेल महाग झालं तर तुम्ही लहान हॉटेलात जाल. मेंटेनन्स महाग झाला तर भरावाच लागेल, गेलात तरी आणि नाही गेलात तरी.

ईएमआयबद्दल बोलतच नाही. सुट्टीसाठी कर्ज काढू नये, एवढंच.

चोर्लाघाट

सगळे विरुद्धच बोलतायत म्हणून मी दुसरी बाजू मांडतो. माझ्याकडे २००९ पासून मेंबरशिप आहे आणि मला पश्चात्ताप नाही. पण का नाही ते सांगतो, मग तुमचं तुम्ही ठरवा.

आम्ही दोघंच, मुलगी तेव्हा कॉलेजला होती, मी स्वतःचा धंदा करतो. म्हणजे मी जूनमध्ये जाऊ शकतो, ऑगस्टात जाऊ शकतो, फेब्रुवारीच्या मधल्या आठवड्यात जाऊ शकतो. पावसात कूर्गला कुणी येत नाही, तेव्हा मला खोली हात जोडून देतात. जळवा चिकटतात ते सोडा. मी घेतला तो सगळ्यात खालचा सीझन, किंमत कमी, आणि तो पुरेपूर वापरला. दोन वर्षांच्या रात्री साठवून एकदम चौदा रात्री केरळात काढल्या, मुन्नारला सहा आणि बाकीच्या खाली. किचनवाली खोली असते त्यामुळे बायको तिसऱ्या दिवसापासून सोलकढी करते, हॉटेलात ते होत नाही.

तुमचं तसं नाही. तुम्ही स्वतः शिक्षिका, दोन मुलं शाळेत, तुम्हाला मिळणार मे, दिवाळी आणि नाताळ. सगळ्या देशाला तेव्हाच जायचंय. रंगांचे सीझन असतात, वरून खाली पर्पल, रेड, व्हाइट, ब्लू असे, कंपनीगणिक नावं वेगळी, आणि तोच आठवडा एका रिसॉर्टला पीक असतो आणि दुसऱ्याला नसतो. साडेचार लाखांत तुम्हाला कुठला रंग दिलाय? तो वन बेडरूम खालच्या रंगाचा असेल तर मेमध्ये महाबळेश्वर विसराच. आणि वरचा असला तरी बुकिंगची खिडकी काही महिने आधी उघडते आणि पहिल्याच दिवशी खोल्या जातात. मेंबरशिप म्हणजे खोली नाही, खोलीच्या रांगेत उभं राहायचा पास आहे.

ठरलेल्या आठवड्याची जी पद्धत आहे त्यात रांग नाही, तुमचा आठवडा तुमचा. पण मग तेच रिसॉर्ट, तोच समुद्र, २५ वर्षं. बदलून दुसरीकडे जायचं तर एक्स्चेंज कंपनीची वेगळी मेंबरशिप आणि दर वेळी वेगळी फी. गोव्यात तसा आठवडा घेतलेले इंग्लंडचे म्हातारे मी पाहिलेत, त्यांना ते शोभतं, जानेवारीत तिकडे थंडी असते. आपण कशाला?

माटोळी

बाप रे, एवढं सगळं. हिशेबी काकांचा हिशेब मिस्टरांना वाचून दाखवला, ते कॅल्क्युलेटर घेऊन बसलेत. चोर्लाघाट, तुमच्या म्हणण्याप्रमाणे कागद पाहिला, सीझनच्या रकान्यात "व्हाइट" लिहिलंय! आम्हाला प्रेझेंटेशनमध्ये बर्फातली मनाली आणि दिवाळीतलं उदयपूर दाखवत होते.

अजून एक, "४ व्यक्ती" असंही लिहिलंय. आम्ही पाच आहोत. सासूबाईंना विचारलं तर म्हणाल्या सात रात्री घर बंद ठेवून तुळशीला पाणी कोण घालणार, मी नाही येत, तुम्ही जा. मग मला आणखीनच वाईट वाटलं.

बेबिंका

मुलं किती वर्षं येणार तुमच्याबरोबर? सहावीतला २५ वर्षांनी ३६ चा असेल, त्याला तेव्हा व्हाइट सीझनचा वन बेडरूम देऊन बघा 😄

आणि आपल्या लोकांची सुट्टी जाते कुठे ते पण मोजा. चवथीला गावचं घर, मेमध्ये एक लग्न आणि एक मुंज, शिगम्याला कुणीतरी बोलावतं, उरलेल्या दिवसांत पुण्यामुंबईचे पाहुणे. गोव्यात घर असणं म्हणजे नातेवाइकांचं टाइमशेअरच आहे, मेंटेनन्स फक्त आपण भरतो.

झुआरीपार

मी इतकंच लिहितो की टाइमशेअर आणि "रूम नाइट घ्या, नाही वापरल्या तर मुदतीनंतर पैसे वाढवून परत" यात फरक करा. दुसरा प्रकार सुट्टीचा नाहीच, तो ठेवी गोळा करण्याचा. पॅनकार्ड क्लब्जवर सेबीने २०१४ मध्ये आदेश काढला तो याच कारणाने, ७,००० कोटींच्या वर रक्कम होती, आणि त्यात मराठी घरं किती होती ते वेगळं सांगायला नको. तुमच्या कागदावर "रिटर्न", "बायबॅक" असा शब्द कुठेही असेल तर विषय तिथेच संपवा. सेल्सवाला "नंतर विकता येते, इन्व्हेस्टमेंट आहे" म्हणाला असेल तर जुन्या मेंबरशिपा विकणाऱ्यांच्या जाहिराती नेटवर बघा, लोक निम्म्याहून कमी भावात द्यायला तयार असतात, वर ट्रान्सफर फी. खरंच घ्यायची हौस असेल तर तीच जुनी घ्या, पण जुन्या मेंबरला मिळणाऱ्या सगळ्या सवलती नव्या नावावर येतात का ते कंपनीकडून लेखी मागा.

कोर्टाची_पायरी

टोकनबद्दल कुणीच बोललं नाही. शनिवारची वाट बघू नका, आजच ईमेल करा. फोन नाही, व्हॉट्सॲप नाही, ईमेल. दोन ओळी: अमुक तारखेला कार्डवरून ५,००० भरले, आम्ही मेंबरशिप घेत नाही, रक्कम त्याच कार्डवर परत करा. पावतीचा फोटो जोडा. सही कशावर केलीत ते पण बघा, "टोकन फॉर्म" म्हणून खाली बारीक अक्षरांत अर्ज असतो.

युरोपात टाइमशेअर घेतल्यावर १४ दिवसांत विनाकारण रद्द करायचा हक्क कायद्याने आहे. आपल्याकडे टाइमशेअरसाठी असा वेगळा कायदा नाही, कंपनी करारात जे दिवस देईल तेवढेच, म्हणून ते कलम वाचल्याशिवाय पैसे भरायचे नसतात. नाही दिले परत तर आधी १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला तक्रार, मग जिल्हा ग्राहक आयोग. करारात "वाद फक्त अमुक शहरात" असं छापलेलं असतं त्याने घाबरू नका, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तक्रारदार राहतो तिथे तक्रार करता येते. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षांची, ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या होतं.

माटोळी

ईमेल केला. दहा मिनिटांत फोन आला (ईमेलला उत्तर नाही, फोन!), मॅडम तुमच्यासाठी मॅनेजरशी बोलून आणखी ४० हजार कमी करतो. खेकडाभाऊ, सोमवारपर्यंत थांबायची पण गरज पडली नाही. मी म्हटलं जे काय ते मेलवर पाठवा. आता मेल आलाय, टोकन १५ वर्किंग डेजमध्ये परत करू म्हणून. आलं की सांगते.

मिस्टरांचा मुद्दा मात्र राहिलाच की पैसे अडकवले नाहीत तर आपण हलत नाही. म्हणून असं ठरवलंय की ते २० हजार मेंटेनन्सचे आणि वर २० असे ४० हजार वर्षाला आरडीत टाकायचे, मुलांच्या देखत, आणि ते फक्त फिरायलाच. यंदा सासूबाईंना गणपतीपुळ्याला घेऊन जायचं, त्याला त्या तयार झाल्या, तीनच रात्री. तुळशीला शेजारची पाणी घालील.

आता सांगा, गाडीने एनएच ६६ वरून जावं की मडगावहून रत्नागिरीपर्यंत ट्रेनने? सासूबाईंचे गुडघे दुखतात, एवढे तास गाडीत बसवत नाही. आणि एमटीडीसीच्या रिसॉर्टला तळमजल्याची खोली मागून घेता येते का? देव बरें करूं सगळ्यांचं.

चोर्लाघाट

ट्रेनच. पण तिकीट आता ६० दिवस आधीच उघडतं, आधीसारखं १२० नाही, त्यामुळे तारीख ठरली की सकाळी आठला लॉगिन करून बसा. आईंना लोअर बर्थ टाका. रत्नागिरी स्टेशनवरून पुढे टॅक्सी, आरेवारेच्या रस्त्याने न्या म्हणून सांगा, समुद्र दिसतो. तळमजल्यासाठी बुकिंग झाल्यावर रिसॉर्टला फोन करायचा, आम्हाला दिली होती.