वाघ्या एकटा राहिला की भुंकतो, खालच्या काकांना झोप नाही

सांगलीत विश्रामबागला दुसऱ्या मजल्यावर राहते. वाघ्या दीड वर्षाचा, गावठी, पिल्लू असताना रस्त्यावरून आणलेला. मी नऊला कामावर जाते, साडेपाचला येते. खालच्या काकांची नुकतीच बायपास झालीय, दुपारी डोळा लागत नाही म्हणतात. त्यांचं काहीच चूक नाही, म्हणून जास्त वाईट वाटतं. सेक्रेटरी म्हणतात, कुत्रं काढा. काय करू?

मिरजकर: काढायची सक्ती करता येत नाही. भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाच्या २०१५ च्या सूचनांप्रमाणे सोसायटी ठराव करूनही पाळीव कुत्र्यावर बंदी घालू शकत नाही. पण आधी काकांचं बघा. जुना मोबाईल रेकॉर्डिंगला लावून जा, नेमका कधी भुंकतो ते कळेल.

प्रश्नकर्ती: लावला. मी गेल्यावर पाऊण तास दाराशी रडतो, ओरडतो. मग दुपारी स्कूलव्हॅन आली की गॅलरीतून भुंकतो. ऐकताना रडू आलं.

साताऱ्याची ताई: अगं, एकटेपणाची भीती आहे ती, रागावू नकोस. चप्पल घाल, किल्ली उचल आणि घरातच बस. नंतर एक मिनिट बाहेर, तो ओरडायच्या आत परत. असं हळूहळू वाढव. आमच्या शेरूला दोन महिने लागले. सकाळी भरपूर फिरव. रबरी खेळण्यात दहीभात भरून फ्रीजरला ठेव, निघताना दे. गॅलरीचं दार बंद, पडदा ओढलेला.

प्रश्नकर्ती: आई महिनाभर राहायला येतेय. काकूंनाही जाऊन सांगितलं. काका दोन ते चार झोपतात, तेवढा वेळ आई वाघ्याला आतल्या खोलीत घेऊन बसेल.