मदत हवी आहे: फ्लोरिडात घर घेतोय, लाकडी की ब्लॉकचं? शुक्रवारपर्यंत ठरवायचंय

पेन्सिलचं_टोक (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी, घाईत लिहितोय. दोन घरं आवडलीयेत, एक लाकडी फ्रेमचं आणि एक काँक्रीट ब्लॉकचं. किंमत जवळपास सारखी, शाळा दोन्हीकडे बऱ्या. बायको म्हणते डोळे मिटून ब्लॉकचं घे, जन्मभर सिमेंटच्या घरात राहिलो आणि आता वादळाच्या गावात येऊन खोक्यात राहायचं का. एजंट म्हणतो दोन्ही छान (तो असंच म्हणणार). आम्ही मिनेसोटाहून येतोय त्यामुळे बर्फ कळतो, चक्रीवादळ कळत नाही. दोन्ही घरांची इन्स्पेक्शनची मुदत शुक्रवारी संपते, त्यानंतर मागे फिरलो तर डिपॉझिट बुडेल. सरळ उत्तर द्या, लाकडी की ब्लॉक? "आधी अभ्यास करा" म्हणू नका प्लीज.

ताडगोळा
फ्लोरिडा म्हणजे कुठे? मायामी, टँपा, पॅनहँडल, सगळीकडे गणित वेगळं. घर कितव्या सालचं? किती मजली? फ्लड झोन कुठला? छप्पर कधी बदललंय? यातलं काहीच लिहिलं नाहीये.

चिरेबंदी
ब्लॉक. विषय संपला. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा मी श्रीवर्धनला घरातच होतो. जांभ्या चिऱ्याच्या भिंती, तसूभर हलल्या नाहीत. लाकडाच्या घरात राहणाऱ्या अमेरिकन लोकांचं मला कायम आश्चर्य वाटतं.

ट्रसवाला
@चिरेबंदी आणि छप्पर?

चिरेबंदी
छप्पर गेलं. पडवीचे पत्रे शेजारच्या वाडीत सापडले, कौलं तर मोजायलाच नको, पोफळी सगळ्या आडव्या. पण भिंती होत्या ना!

ट्रसवाला
तेच म्हणतोय. भिंती होत्या आणि तुम्ही आत भिजत होतात.

पेन्सिलचं_टोक
टँपाच्या आसपास. ब्लॉकचं जुनं आहे, एकमजली. लाकडी नवं, दोन मजली. आता सांगा.

ट्रसवाला
जुनं म्हणजे किती जुनं ते नंतर सांगशीलच. मी ऑर्लँडोला स्ट्रक्चरमध्ये काम करतो म्हणून जरा लांबड लावतो. फ्लोरिडात ब्लॉकचं घर म्हटलं तरी वरचं छप्पर बहुतेक लाकडीच असतं, लाकडी ट्रस (छपराचे त्रिकोणी सांगाडे) आणि त्यावर प्लायवूड. म्हणजे निवड लाकडी घर की काँक्रीटचं घर अशी नाहीच, दोन्हीकडे लाकडी टोपी आहे, खालची भिंत तेवढी वेगळी. वारा आधी टोपी उचलतो. टोपी भिंतीला कशी बांधलीय ते बघ. जुन्या घरांत ट्रस नुसते तिरप्या खिळ्यांनी ठोकलेले सापडतात. नंतरच्या घरांत लोखंडी क्लिप किंवा ट्रसवरून वळवून घेतलेली पट्टी असते. २४ ऑगस्ट १९९२ ला अँड्र्यू वादळ आलं तेव्हा मायामीकडच्या दक्षिण डेडमध्ये ब्लॉकच्या घरांचीही छपरं उडाली, कारण प्लायवूडला मारलेले स्टेपल कितीतरी ठिकाणी ट्रसमध्ये न घुसता बाजूने गेले होते! त्यातूनच पुढे राज्यभर बांधकामाचा एकच कोड (नियमावली) आला, लागू १ मार्च २००२ पासून. त्यामुळे माझा पहिला प्रश्न भिंतीचा नसतो, साल २००२ च्या आधीचं की नंतरचं हा असतो.

फोमचाखेळ
ट्रसवाले साहेब अर्धंच सांगतायत. दोन्ही नको, आयसीएफचं घर घ्या. थर्माकोलचे ठोकळे रचायचे, मध्ये सळ्या आणि काँक्रीट. २०१८ ला मायकल वादळात मेक्सिको बीचवर आजूबाजूचं सगळं साफ झालं आणि एक घर उभं राहिलं ते याच पद्धतीचं.

ताडगोळा
ते घर उंच खांबांवर होतं, मालकांनी कोडच्या कितीतरी पुढे जाऊन पैसा ओतला होता. याच्याकडे दोन तयार घरं आहेत, प्लॉट नाहीये हो.

फोमचाखेळ
मग प्लॉट घ्यावा.

दिशादर्शक
दोन्ही घरांची मुख्य दारं कुठल्या दिशेला आहेत? दक्षिणमुखी असेल तर ब्लॉक काय आणि लाकूड काय.

पेन्सिलचं_टोक
दिशा माहीत नाही, बघितली नाही. ब्लॉकचं १९७४ चं, सेंट पीटर्सबर्गला शोअर एकर्समध्ये, पाण्यापासून दोन गल्ल्या आत. लाकडी २०१९ चं, वेस्ली चॅपलला. ब्लॉकच्या घराचं आतून सगळं नवंकोरं केलंय, फरशी, भिंती, किचन कॅबिनेट, सगळं. म्हणून तर आवडलं.

नारळीपौर्णिमा
अहो थांबा थांबा. शोअर एकर्स? आणि आतून खालपासून सगळं नवं? मी याच भागात विम्याचं काम करते. सप्टेंबर २०२४ मध्ये हेलीन वादळाच्या वेळी समुद्राचं पाणी त्या वस्तीत घराघरात शिरलं होतं. वादळ किनाऱ्याला लागलं कुठे, तर पार वर बिग बेंडला, टँपापासून कितीतरी लांब. वाऱ्याने तुमच्या भिंतीला हातही लावला नसता आणि तरी घर गेलं असतं. नवं किचन कशामुळे आलं ते विचारा विकणाऱ्याला! १ ऑक्टोबर २०२४ पासून फ्लोरिडात विकणाऱ्याने पुराचे क्लेम केले असतील तर लेखी सांगावंच लागतं, तो कागद मागा.

शिवाय घराच्या नेहमीच्या पॉलिसीत पूर धरलेला नसतो, वेगळी पॉलिसी लागते. सरकारी पूरविम्यात इमारतीला जास्तीत जास्त अडीच लाख डॉलर आणि आतल्या सामानाला एक लाख. कर्ज घेताना क्लोजिंगबरोबर (व्यवहार पुरा होताना) काढली तर लगेच लागू होते, नंतर काढली तर सहसा ३० दिवस थांबा. आणि वादळ आखातात शिरलं की कंपन्या नवी पॉलिसी देणं बंद करतात, तेव्हा धावाधाव करून उपयोग नसतो.

चिरेबंदी
पण ताई, पाणी शिरलं तरी ब्लॉकची भिंत धुऊन काढता येते, लाकूड कुजतं. म्हणजे ब्लॉकच बरा ना?

नारळीपौर्णिमा
दादा, ब्लॉकच्या आत लाकडी पट्ट्या ठोकून त्यावर ड्रायवॉल (जिप्समचे तक्ते) लावलेली असते. ती भिजली की कमरेपर्यंत कापून फेकायची. ब्लॉक उभा राहतो हे बरोबर, पण माणसं सहा-सहा महिने भाड्याच्या घरात. आणि दुरुस्तीचा खर्च इमारतीच्या बाजारभावाच्या निम्म्यापर्यंत गेला की सगळं घर आजच्या कोडप्रमाणे करा, म्हणजे पूरपातळीच्या वर उचला. जमिनीवर ओतलेल्या स्लॅबवरचं ब्लॉकचं घर उचलायचं म्हणजे खेळ नाही.

ह्यूस्टनकर_बाबा
आम्ही टेक्सासात लाकडीच घरात राहतो, बाहेरून वीट. काही होत नाही.

ट्रसवाला
@चिरेबंदी एक मान्य करतो. उडत येणारी फांदी किंवा लाकडाचा तुकडा ब्लॉकची भिंत लाकडी भिंतीपेक्षा चांगला अडवते, त्यात वाद नाही. पण ब्लॉक पोकळ असतो. काही पोकळ्यांमध्ये सळई घालून वरपासून खालपर्यंत काँक्रीट भरलेलं असेल तर भिंत छपराला पायाशी बांधून ठेवते. १९७४ च्या घरात ते किती ठिकाणी असेल देव जाणे, मी कोपऱ्यांपलीकडे काहीच न भरलेल्या भिंतीही उघडून बघितल्यात.

चिरेबंदी
तुम्हाला कोकणात यायला पाहिजे. चिरा पोकळ नसतो.

उंबरठा
वाळवीबद्दल कोणीच बोललं नाही. आम्ही नेपल्सला ब्लॉकचं घर घेतलं वाळवी नको म्हणून, तर वरच्या ट्रसमध्ये ड्रायवूड वाळवी (कोरड्या लाकडात राहणारी) निघाली. अख्ख्या घरावर सर्कससारखा तंबू घालून धूर दिला, दोन रात्री मुलांना घेऊन हॉटेलात. अवांतर: त्या हॉटेलपाशी एक गुजराती ताई पोळ्या विकायच्या, तशा पोळ्या पुन्हा मिळाल्या नाहीत.

ताडगोळा
नेपल्समध्ये पोळ्या कुठे? व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

पेन्सिलचं_टोक
मंडळी, पोळ्या नंतर. ब्लॉकवाल्याचा कागद आला. पुराचा क्लेम आहे. नकाशावर झोन एई, म्हणजे पुराचा धोका जास्त. लाकडी घराचा झोन एक्स, म्हणजे तिथे पूर येत नाही ना? मग लाकडी फायनल करू? वाऱ्याचं काय? बायको अजूनही म्हणतेय की लाकडी घर वाऱ्याने उडेल.

नारळीपौर्णिमा
एक्स म्हणजे धोका कमी, शून्य नाही. मिल्टन वादळाच्या वेळी सेंट पीटला (सेंट पीटर्सबर्गला) एका दिवसात १८ इंचांवर पाऊस झाला, समुद्राशी संबंध नसलेल्या गल्ल्यासुद्धा तुंबल्या. एक्समध्ये पूरविमा स्वस्त पडतो, घेऊन टाका. आणि चक्रीवादळाचं डिडक्टिबल टक्क्यात असतं ते बघा. घराचा विमा चार लाखांचा आणि डिडक्टिबल २ टक्के असेल तर पहिले ८००० डॉलर तुमच्या खिशातून.

ट्रसवाला
वहिनींना सांग, कोडप्रमाणे नीट बांधलेलं लाकडी घर असं सहज उडत नाही. आणि इन्स्पेक्टरकडून विंड मिटिगेशनचा (घर वाऱ्याला किती तोंड देईल याचा) फॉर्म करून घे, विम्यात सूट त्यावरच मिळते. माळ्यावर जाऊन ट्रस आणि भिंत जिथे भेटतात तिथला फोटो काढायला सांग. छप्पर चौपाखी की दुपाखी तेही लिही. दुपाखीच्या त्रिकोणी भिंतीवर वारा सपाट आदळतो, चौपाखीला सूट जास्त.

पेन्सिलचं_टोक
छप्पर चौपाखी. फोटो आला. पट्टी सगळीकडे आहे, पण इन्स्पेक्टर म्हणतो मागच्या बेडरूमवर दोन ट्रसना पट्टीत दोनच खिळे आहेत, म्हणून फॉर्मवर तो पट्टी धरणारच नाही. दोन ट्रससाठी सगळी सूट गेली?? २०१९ चं घर आहे!

ट्रसवाला
बरोबर आहे त्याचं. फॉर्मला ट्रसमध्ये किमान तीन खिळे लागतात आणि सगळ्यात कच्चा जोड धरून नोंद होते. सुतार बोलाव, त्या पट्टीसाठी चालणारे खिळे मारून घे, मग पुन्हा फोटो. हे विकणाऱ्याकडूनच करून घे, किंमत कमी करायची भाषा करू नकोस, छोटं काम आहे.

दिशादर्शक
दार कुठल्या दिशेला ते राहिलंच.

पेन्सिलचं_टोक
पश्चिमेला आहे साहेब. ब्लॉकवाल्याला नको म्हणून कळवलं. बायको माझ्याशी बोलत नाहीये पण तिच्या मैत्रिणीशी फोनवर "दोन खिळे" असं काहीतरी चाललंय.

ताडगोळा
गॅरेजचं दार बघितलंस का? दोन गाड्यांचं रुंद दार आत दबलं की वारा घरात घुसतो आणि छपराला आतून ढकलतो. दारावर वाऱ्याच्या दाबाचं लेबल असतं.

पेन्सिलचं_टोक
लेबल कुठे असतं?

ताडगोळा
आतल्या बाजूला, पॅनेलवर. नसेल तर परमिटचे कागद काउंटीच्या साइटवर पत्ता टाकून मिळतात. आज रात्रीच बघ, उद्या शुक्रवार.