मदत हवी आहे: भाचीला पीकरोगांवर संशोधन करायचंय, बारावीनंतर कुठे जावं?

नमस्कार मंडळी,

माझी भाची लातूरला बारावी सायन्सला आहे. लातुरात बायोलॉजी घेतलं म्हणजे नीटच, हे सगळ्यांनी धरलेलं असतं. पण तिला डॉक्टर व्हायचं नाही. गेल्या खरिपात त्यांच्या सोयाबीनवर पिवळा मोझॅक, म्हणजे पानं पिवळी पाडणारा विषाणूजन्य रोग आला. त्याचा विषाणू पांढरी माशी पसरवते हे कळल्यापासून तिचं दुसऱ्या कशात लक्ष नाही. एकाच वाणाची, शेजारशेजारची काही झाडं हिरवी का राहिली, हे ती भेटेल त्याला विचारते. मला या प्रश्नाचं फार अप्रूप आहे. तो नीटच्या गर्दीत हरवू नये, म्हणून हा धागा.

आयसर पुणे, म्हणजे विज्ञान शिक्षण-संशोधनाची केंद्रीय संस्था, तिच्या मनात आहे. पाच वर्षांचा बीएस-एमएस. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी, गणित या चारपैकी तीन विषय असले तरी चालतं, पण आयएटी या प्रवेश परीक्षेच्या 60 प्रश्नांत गणिताचे 15 असतात आणि हिने अकरावीतच गणित सोडलंय.

भाऊजींचं म्हणणं, इथेच बीएस्सी कर, मग जॅम ही प्रवेश परीक्षा देऊन आयआयटीत एमएस्सीला जा. खर्चाच्या दृष्टीने त्यांचं बरोबर आहे. मला धास्ती आहे ती प्रॅक्टिकलची. आमच्या ओळखीच्या मुलांची तीन वर्षं सीनियर मुलांची जर्नलं उतरवण्यातच गेली.

तिसरा पर्याय बीएस्सी ॲग्री, परभणीच्या कृषी विद्यापीठाखालचं एखादं कॉलेज. त्याबद्दल ऐकू येतं ते एवढंच, की ॲग्री करून पोरं एमपीएससीला बसतात.

गणित नसताना आयएटी दिलेलं कुणी आहे का? ॲग्रीतून खरंच संशोधनात जाता येतं का? आणि भाऊजींचा प्रश्न: हातात पैसे कधी येणार?

प्रतिसाद

ताई, मी ॲग्रीवालाच, सध्या वनस्पती रोगशास्त्रात पीएचडी करतोय.

गणित सोडलं तरी आयएटीचे 240 पैकी 180 गुण उरतात. चुकीच्या उत्तराला एक गुण जातो, त्यामुळे गणितात अंदाजपंचे खुणा करू नयेत. पण तिला गणिताची भीती असेल तर ती आत्ताच घालवा. कुठली झाडं हिरवी राहिली हे सिद्ध करायलाही संख्याशास्त्र लागतं.

तिचा प्रश्न मात्र सरळ आमच्या विषयातला आहे. ॲग्रीत रोगशास्त्र, कीटकशास्त्र आणि पीक पैदास हे तिन्ही पदवीलाच शिकवतात, आणि मोझॅकला तिन्ही लागतात. पुढे आयसीएआरच्या (भारतीय कृषी संशोधन परिषद) परीक्षेतून बाहेरच्या विद्यापीठात एमएस्सी करता येते. सोयाबीनची राष्ट्रीय संस्था इंदूरला आहे. एमपीएससीकडे बरेच जातात हे खरं, पण ती त्यांची निवड असते.

बीएस्सीच घेतली तर देशातल्या तीन विज्ञान अकादम्यांच्या उन्हाळी फेलोशिपला अर्ज करायला लावा. दोन महिने खऱ्या प्रयोगशाळेत काम, वर विद्यावेतन. कॉलेजात कमी पडलेलं प्रॅक्टिकल तिथे पुष्कळ भरून निघतं.

पैशाचं म्हणाल तर एमएस्सीनंतर नेट-जेआरएफ, म्हणजे नेट परीक्षेतून मिळणारी पीएचडीची फेलोशिप, मिळाली की 2023 पासून महिना 37,000. त्याआधीची पाच वर्षं (ॲग्रीची पदवी चार वर्षांची, म्हणून तिथे सहा) घरच्यांनी सांभाळायची तयारी हवी, हे भाऊजींना स्पष्ट सांगा.

तिने त्या हिरव्या झाडांची काही नोंद ठेवलीय का? वाण, पेरणीची तारीख, फोटो? असेल तर जवळच्या कृषी विज्ञान केंद्रातल्या पीक संरक्षणाच्या तज्ज्ञांना दाखवा. नसेल तर येत्या खरिपात पेरणीच्या दिवसापासूनच ठेवायला सांगा.