घटस्फोटानंतर पोटगी किती वर्षे द्यावी?

कृष्णाकाठ :
हिंदू विवाह कायदा, 1955 च्या कलम 25 प्रमाणे न्यायालय पोटगी एकरकमी देववू शकते किंवा दरमहा ठरवून देऊ शकते. दरमहा पोटगीला वरची मर्यादा आहे ती फक्त अर्जदाराच्या आयुष्याची. संसार दोन वर्षे झाला की वीस, याचे कोणतेही प्रमाण त्या कलमात नाही. माझ्या मावसभावाचा संसार चौदा महिने टिकला, मूल नव्हते, दोघेही पदवीधर होते, आणि आज सात वर्षे तो दरमहा पोटगी भरतो आहे. रजनेश विरुद्ध नेहा या 2020 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानेच म्हटले आहे की, अनेक विवाह फार काळ टिकत नसताना आयुष्यभराची पोटगी लादणे अन्यायाचे ठरू शकते आणि विवाहाचा कालावधी विचारात घेतला पाहिजे. मग हे कायद्यातच का लिहू नये?

वैनगंगा :
मी कौटुंबिक न्यायालयात वकिली करते, म्हणून सविस्तर लिहिते. आयुष्यभर ही कमाल मर्यादा आहे, ठरलेली मुदत नव्हे. परिस्थिती बदलली तर पोटगीची रक्कम बदलता येते आणि अर्जदाराने पुनर्विवाह केला तर हुकूम रद्दही करून घेता येतो. त्याची सोय त्याच कलमात आहे. शिवाय वर्षे मोजायचीच असतील, तर शाहबानो यांचे उदाहरण घ्या. 1932 मध्ये लग्न, 1978 मध्ये तलाक, आणि उच्च न्यायालयाने ठरवलेली पोटगी दरमहा 179 रुपये 20 पैसे. ती कायम ठेवणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या 1985 च्या निकालानंतर मुस्लीम घटस्फोटित स्त्रियांसाठी आलेल्या 1986 च्या कायद्याने पतीची जबाबदारी इद्दतीच्या, म्हणजे तलाकनंतर स्त्रीने पुनर्विवाहापूर्वी थांबायच्या, काळापुरती राहील असा समज झाला. 2001 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला स्पष्ट करावे लागले की तरतूद इद्दतीच्या काळात करायची असली, तरी ती स्त्रीच्या पुढील आयुष्याला पुरेशी हवी. मुदत घालण्याचा प्रश्न या देशात एकदा असा सुटलेला आहे.

नाशिककर :
वैनगंगाताई, कलमातली सोय कागदावर ठीक आहे, परंतु ती मिळवण्यासाठी पोटगी देणाऱ्यालाच पुन्हा अर्ज करावा लागतो, वकील द्यावा लागतो आणि समोरच्या व्यक्तीचे उत्पन्न सिद्ध करावे लागते. त्यापेक्षा दर पाच वर्षांनी पोटगी घेणाऱ्याने गरज दाखवून नव्याने अर्ज करावा, हे अधिक न्याय्य आहे.

वैनगंगा :
आज तिला काय करावे लागते ते पाहू. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 125 खाली, म्हणजे आताच्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 खाली, थकलेल्या पोटगीच्या वसुलीचे वॉरंट हवे असेल, तर रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. नवऱ्याने पैसे थांबवले की बाई दरवर्षी वसुलीच्या दरखास्ती घेऊन हेलपाटे घालते. माझ्या एका अशिलाने बदलीच्या नोकरीतल्या नवऱ्यासाठी स्वतःची शिक्षिकेची नोकरी सोडली, बावीस वर्षे संसार केला, आणि अठ्ठेचाळिसाव्या वर्षी ती माहेरी परतली. या वयात तिला शाळेत कोण घेणार? तिने दर पाच वर्षांनी आपली गरज पुन्हा सिद्ध करावी, हे मला मान्य नाही.

कृष्णाकाठ :
वसुलीच्या अर्जाला एक वर्षाची मुदत असते, हे मला ठाऊक नव्हते. नाशिककरांची नव्या अर्जाची सूचना मीही मागे ठेवतो. मात्र चौदा महिन्यांच्या, अपत्य नसलेल्या संसाराला बावीस वर्षांच्या संसाराचे माप लावू नये, हे माझे मत कायम आहे. अशा प्रकरणांत न्यायालयाने हुकूम देतानाच तीन-चार वर्षांची मुदत लिहावी आणि त्या काळातला तिच्या पुढील शिक्षणाचा खर्च पोटगीत धरावा.

वैनगंगा :
शिक्षणाचा खर्च खरोखर धरला जाणार असेल, तर अल्पकाळ टिकलेल्या विवाहांपुरती मुदतीला माझी हरकत नाही. परंतु आजारपणामुळे किंवा काम न मिळाल्यामुळे मुदत वाढवून मागण्याची मुभा त्याच हुकमात लिहिलेली असली पाहिजे.